गाडीचे कागद आहेत, ड्रायव्हरचे नाहीत

नमस्कार श्रोतेहो.

माझी वकिली कामगार न्यायालयातली. खासगी रुग्णवाहिकेवरचे ड्रायव्हर माझ्याकडे येतात, तेव्हा मी आधी कागद मागतो. गाडीचे सगळे कागद मोबाइलमध्ये असतात. आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी. स्वतःचं विचारलं की गप्प. नेमणूकपत्र नाही, पगाराची स्लिप नाही, हजेरीपटावर नाव नाही. मालकाने दिलेला टी-शर्ट तेवढा असतो, पाठीवर कंपनीचं नाव छापलेला.

सरकारी 108 ची सेवा महाराष्ट्रात 2014 पासून चालू आहे, तिथल्या ड्रायव्हरांची रडगाणी वेगळी. मी बोलतोय ते मोठ्या दवाखान्यांच्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांबद्दल. कुणाच्या दोन, कुणाच्या दहा.

इथे बांधलेला पगार थोडका, बाकी फेरीमागे भत्ता. वर्दी, म्हणजे पेशंट न्यायचं बोलावणं, आली नाही तर भत्ताही नाही. त्यामुळे माणूस रात्रंदिवस गाडीपाशीच असतो आणि मालक म्हणतो, 'अहो, तो तर दिवसभर बसूनच असतो!' मोटार वाहतूक कामगारांना दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास, हे 1961 च्या कायद्यात लिहिलं गेलं. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत सामावला गेला, पण तिथेही रोजचे तास आठच आहेत. वर्दीची वाट पाहत गाडीपाशी थांबणं ही माझ्या मते ड्युटीच. कोर्टात हे पटवून द्यावं लागतं, ही गोष्ट वेगळी.

नागपूरहून मुंबईला पेशंट न्यायचा म्हटलं तर एकटी समृद्धीच 701 किलोमीटर. जाताना मागे जीव असतो, डोळा लागत नाही. धोका परतीला. पेशंट उतरवून स्ट्रेचर आत घेतो न घेतो तोच मालकाचा फोन, 'निघालास का?' रिकामी गाडी, सरळसोट रस्ता, सोबत कुणी नाही. टोलनाक्यावर तोंडावर पाणी मारायचं आणि पुढे जायचं. एवढ्या लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर द्यायला काय हरकत आहे? भाडं तर दोन्ही बाजूंचं घेतलेलं असतं.

गाडीवर 'कार्डियाक' लिहिलेलं असलं तरी मागे नर्स असेलच असं नाही. छोट्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला 10 लिटर चालू असेल तर अडीच तासांत संपतो. घाटात ट्रॅफिक तुंबलं की ड्रायव्हरच गाडी कडेला घेतो, नातेवाइकाला मोबाइलचा टॉर्च धरायला सांगतो आणि पान्याने सिलिंडर बदलतो. हे त्याला कुणी रीतसर शिकवलेलं नसतं, आधीच्या ड्रायव्हरचं बघून आलेलं असतं. आपल्या माणसाचा श्वास त्या पान्यावर असतो, म्हणून हा प्रश्न फक्त ड्रायव्हरच्या पोटाचा नाही.

गाडी धुणं हेही त्याच्याच गळ्यात. रक्त, उलटी, कधी त्याहून वाईट. पेट्रोल पंपावर पाइप लावून उघड्या हातांनी फरशी घासणारे मी पाहिलेत. हिपॅटायटिस बी ची लस तीन डोसांची असते. माझ्याकडे आलेल्यांपैकी बहुतेकांनी तिचं नावही ऐकलं नव्हतं.

ऐकणाऱ्यांत कुणी ड्रायव्हर असतील तर त्यांनी एवढं करावं. मालकाचे वर्दीचे व्हॉट्सअॅप मेसेज पुसू नका. पैसे रोखीने घेण्यापेक्षा खात्यावर घ्या, उचलसुद्धा. टोलच्या पावत्या ठेवा. एका वहीत तारीख, कुठून कुठे, निघालो कधी, पोचलो कधी, एवढं लिहीत चला. 'हा माझा नोकरच नव्हे' असं मालक कोर्टात बिनदिक्कत सांगतो, तेव्हा हीच वही उपयोगी पडते. आणि कामावर अपघात झाला असेल तर भरपाईचा अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो. 'बघू, करू, पुढच्या महिन्यात बसू' असं म्हणत मालक नेमकी तेवढीच वर्षं काढतो.