बटण दाबण्याच्या आधी

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'रेडिऑलॉजी टेक्निशियन : शिक्षण आणि नोकरी'. त्यावर बोलणार आहेच. पण मघाशी जिना चढताना एका वडिलांनी मला थांबवून विचारलं, "मॅडम, बटण दाबायला तीन-चार वर्षं कशाला शिकायचं?" तेव्हा आधी त्या बटणाचंच बोलू द्या.

छातीच्या एक्स-रे फोटोत किरण बाहेर पडतात ते डोळ्याचं पातं लवेपर्यंत. आमचं काम त्याच्या आधी झालेलं असतं. पेशंट कॅसेटला, म्हणजे फिल्म ठेवलेल्या चपट्या डब्याला, छाती टेकवून आणि किरण सोडणाऱ्या ट्यूबकडे पाठ करून उभा. ट्यूब सहा फुटांवर, म्हणजे १८० सेंटीमीटर. जवळ आणली तर हृदयाची सावली आहे त्याहून मोठी पडते. हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे, म्हणजे खांद्याची पाती फुफ्फुसांवरून बाजूला सरकतात. मग "श्वास घ्या, धरून ठेवा." खरी कसोटी इथे. पेठ-सुरगाण्याच्या खेड्यातून आलेल्या आजीला 'दीर्घ श्वास' म्हटलं तर ती नुसती बघत राहते. मी म्हणते, "आजी, कुंडात बुडी मारताना दम कसा कोंडता? तसा कोंडा." लगेच जमतं. फिल्मवर मागच्या बाजूच्या दहा बरगड्या मोजता आल्या की समजायचं, आजीनं पोटभर श्वास घेतला.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज आले, ती सांगते. मी नवीन होते. गावातलंच एक सेंटर, नाव सांगणार नाही. डार्करूमचा काळ, लाल दिवा, हाताला फिल्म धुण्याच्या फिक्सरचा आंबट वास, हँगरला टांगलेल्या ओल्या फिल्म. दुपारची गर्दी होती. आईबरोबर एक मुलगी आली, वीस-एक वर्षांची, महिनाभर खोकला. डोक्यावरून न्हाऊन आली होती. कमरेपर्यंत ओली वेणी, उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेली. मी तिला गळ्यातली साखळी काढायला लावली, वेणी उचलून मागे टाकली आणि फोटो काढला. मागे टाकली म्हणजे झालं, असं वाटलं मला. किरण पाठीतूनच आत येतात, हे परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले होते. रांग बघून ते डोक्यातून गेलं.

रिपोर्ट आला : उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला सावली, क्षयाची शंका. डॉक्टरांनी 'शंका' लिहिलं होतं. घरच्यांनी फक्त 'क्षय' ऐकला. मुलीचं लग्न ठरलेलं होतं. तिचं ताट-वाटी वेगळी झाली. बेडका तपासला, काही निघालं नाही, तरी घरात कुणाचा विश्वास बसेना. सहाव्या दिवशी ती माऊली फिल्म घेऊन पुन्हा आमच्या दारात. मी फिल्म उजेडावर धरली आणि पोटात गोळा आला. ती सावली फुफ्फुसापाशी थांबतच नव्हती. हद्द ओलांडून वर मानेपर्यंत गेली होती, आणि तिच्यात तिरप्या रेघा होत्या. वेणीचे पेड होते ते.

मी मुलीचे केस डोक्यावर घट्ट बांधले, पुन्हा फोटो काढला. फुफ्फुस स्वच्छ. मालक म्हणाले, पेशंटला काही सांगू नका, 'पुन्हा काढला, आता ठीक आहे' एवढंच म्हणा. मी सांगितलं. त्या आईचे हात धरून सांगितलं की चूक माझी आहे. ती रागावली नाही, मटकन खाली बसली आणि रडली. तेव्हापासून माझ्या खिशात रबरबँड असतात. हे बघा, आजही आहेत.

माझी तक्रार आहे ती शिकवण्याबद्दल. आम्हाला सगळ्या पोझिशन फळ्यावरच्या आकृतीतून शिकवल्या. आकृतीतल्या माणसाला वेणी नसते, दुखरा खांदा नसतो, ऐकायला कमी येत नसतं. पेशंटला हात लावायला मिळाला तो फार उशिरा. आजही पोरं अशा ठिकाणी पैसे भरतात, जिथे मशीन कुलूपबंद आणि पेशंट एकही नाही. म्हणून कळकळीनं सांगते...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, मूळ विषय पटापट घेते.

बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी. आपल्या नाशिकच्या म्हसरूळमधल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकलचा पदवी अभ्यासक्रम आहे, तीन वर्षं आणि वर संपूर्ण वर्षाची इंटर्नशिप. डिप्लोमेही आहेत. संस्थेची मान्यता कागदावर बघा, आणि तिला जोडलेल्या हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागाबाहेर सकाळी तासभर बसा. बाकावर पेशंट दिसले तर प्रवेश घ्या. इंटर्नशिप मन लावून करा. बहुतेकांची पहिली नोकरी तिथल्याच ओळखीतून लागते. सरकारी जाहिरातीत 'क्ष-किरण तंत्रज्ञ', 'क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी' अशी पदनामं असतात, ती शोधा. नुसतं नाशिक शहर धरून बसू नका. सिन्नर, मालेगाव, पिंपळगावला हात लवकर तयार होतो. सीटी, एमआरआय नंतर शिका. एमआरआयचा चुंबक रात्रंदिवस चालू असतो. २०१८ साली मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर आत नेला, चुंबकानं तो खेचला आणि एका तरुणाचा जीव गेला. आणि सोनोग्राफी आपलं काम नाही. 'जरा प्रोब फिरव' म्हटलं तरी नाही म्हणायचं, गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा कायदा आहे.

मुलाखतीत पगाराच्या आधी विचारा, माझा टीएलडी बॅज कुठे आहे? आपल्या अंगावर किती किरण पडले ते नोंदवणारा हा बिल्ला. तो शिशाच्या एप्रनच्या आत छातीवर लावायचा, दर तीन महिन्यांनी मोजायला जातो. मिलीसिव्हर्ट हे किरणांचा डोस मोजायचं माप. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलीसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. बॅज ड्रॉवरमध्ये पडून असेल तर तुमचा डोस कुणालाच कळत नाही. आयांनो, मुलींची काळजी करताय ना? दिवस राहिलेत हे कळताच कामावर सांगायचं, त्यासाठी नियमच वेगळे आहेत. मी दोन मुलांची आई आहे.

दाराजवळच्या टेबलाशी एक शिशाचा एप्रन ठेवलाय. जाताना अंगात घालून बघा, दिवसभर काय वजन वागवायचं ते कळेल. काढल्यावर त्याची घडी घालू नका, आतल्या शिशाला चिरा जातात. शेजारी खुंटी आहे, तिला अडकवा.