हॅरॉड्सशेजारची गॅलरी

बगदाद, १२ जुलै २००७. हे चित्रण अमेरिकी अपाची हेलिकॉप्टरमधलं आहे. खालच्या घोळक्यात एकाच्या खांद्याला कॅमेरा लटकतोय, नीट पाहा. वरच्यांना ते हत्यार वाटलं. रॉयटर्स या वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार नमीर नूर-एल्दीन आणि ड्रायव्हर सईद चमाघ या गोळीबारात गेले. रॉयटर्सने मागूनही न मिळालेलं हे चित्रण एप्रिल २०१०मध्ये विकिलीक्स या गुप्त कागदपत्रं फोडणाऱ्या वेबसाइटने जगासमोर मांडलं.

विकिलीक्स म्हणजे ज्युलियन असांज. टाउन्सव्हिल, ऑस्ट्रेलियाचा, तरुणपणी हॅकिंग केलं, दंड भरून सुटला. त्याला माल पुरवला चेल्सी मॅनिंगने. अमेरिकी लष्करातली विश्लेषक. सीडीवर ‘लेडी गागा’ लिहायचं, गाण्यावर ओठ हलवत राहायचं आणि गुप्त फाइली उतरवून घ्यायच्या, हे तिनेच नंतर चॅटवर सांगून टाकलं! तिला ३५ वर्षांची शिक्षा झाली. ओबामांनी ती कमी केली.

अडीच लाख केबल्स, म्हणजे अमेरिकी वकिलातींचे संदेश, फुटले. २०११मध्ये त्यातल्या भारताच्या केबल्स ‘द हिंदू’ने छापल्या आणि विरोधकांनी संसद डोक्यावर घेतली.

त्याच सप्टेंबरात असांजने सगळ्या केबल्स नावं न झाकता खुल्या केल्या. त्या फाइलचा पासवर्ड आधीच फुटला होता, हा त्याचा खुलासा. तो खोटा नाही. पण जीव मुठीत धरून अमेरिकी वकिलातीत काही सांगून आलेल्या माणसाला या खुलाशाचा काय उपयोग? त्याच्यासोबत केबल्स छापणाऱ्या वृत्तपत्रांनीही इथे त्याचा हात सोडला.

स्वीडनमध्ये दोन महिलांच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी होत्या. त्याने आरोप नाकारले, २०१९मध्ये तपास बंद झाला. म्हणजे त्या दोघींचं म्हणणंही कोर्टासमोर आलंच नाही. चाहते हा भाग घाईने उरकतात.

लंडन. हॅरॉड्स या बड्या दुकानाशेजारची ही गॅलरी इक्वेडोरच्या वकिलातीची. वकिलात कसली, फ्लॅटच तो. स्वीडनच्या हवाली व्हावं लागू नये म्हणून असांज जून २०१२पासून जवळपास सात वर्षं इथे होता. सोबतीला मांजर, तेही टाय लावलेलं. एप्रिल २०१९मध्ये पोलिसांनी उचलून बाहेर आणला तेव्हा दाढी पांढरीशुभ्र झाली होती. मग बेलमार्श तुरुंगात पाच वर्षं. अमेरिकेचे १८ आरोप, त्यातले १७ हेरगिरीच्या १९१७च्या कायद्याखाली.

जून २०२४. पॅसिफिकमधलं अमेरिकेचं सायपन बेट. असांजने एक गुन्हा कबूल केला. शिक्षा ६२ महिने, तीही भोगून झालेली. न्यायाधीश रमोना मांग्लोना यांनी त्याला वाढदिवसाच्या आगाऊ शुभेच्छा दिल्या. पुढच्या आठवड्यात तो ५३ वर्षांचा होणार होता.