रुखवतातला रुमाल आणि परड्यातली जास्वंद

नमस्कार श्रोतेहो.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या जुन्या घरातली एखादी ट्रंक उघडा. तळाशी क्रोशाचं काहीतरी सापडणारच. रुखवतात मांडलेला गोल रुमाल, दाराचं तोरण, नाहीतर उशीच्या अभ्र्याची जाळीदार किनार. आज तुम्ही ज्यावर मला ऐकताय त्या रेडिओवरसुद्धा एके काळी असा रुमाल अंथरलेला असायचा. पुढे तो टीव्हीवर गेला. मग टीव्ही चपटा होऊन भिंतीला चिकटला आणि रुमालाला बसायला जागाच उरली नाही.

आता तो पुन्हा बाहेर येतोय, फोटोसाठी. परड्यातली चार फुलं आणि घरचं विणकाम एकत्र मांडायचं, मोबाईलवर फोटो काढायचा, कुणी तो सकाळच्या नमस्काराबरोबर पाठवतं, कुणी विणलेल्या वस्तूला गिऱ्हाईक मिळावं म्हणून टाकतं. फोटोबद्दल रेडिओवर बोलणं म्हणजे जरा गंमतच आहे, पण मांडणीचं सगळं काम फोटो काढायच्या आधीच होतं, तेव्हा चालून जाईल.

मांडणी आपल्याला कुणी शिकवायला नको. चैत्रगौरीची आरास, गौरी-गणपतीची आरास आपण लहानपणापासून करत आलोय. आणि नेमकं तेच फोटोत आडवं येतं. आरास भरगच्च असावी लागते, एक कोपरा रिकामा दिसला तरी सासूबाई म्हणतात, "इथं काहीतरी ठेव की ग." आरास बघणारा जवळ येतो, मान वळवतो, पुन्हा मागे सरून बघतो. फोटो बघणारा अंगठ्यानं वर सरकवून मोकळा होतो. त्याला चौकटीत एकच गोष्ट दिसायला हवी. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की फूल आणि क्रोशा यांतलं मुख्य कोण हे आधी ठरवा, आणि दुसऱ्याला त्याच्या हाताखाली कामाला लावा.

फूल मुख्य असेल तर क्रोशा बैठक होईल, बाटलीचं झबलं होईल, मागचा पडदा होईल. क्रोशा मुख्य असेल तर फूल एका कडेला, बेताचं. दोघांना सारखा मान दिला की फोटोत भांडण लागतं.

त्याहून वाईट म्हणजे खऱ्या गुलाबाशेजारी विणलेला गुलाब ठेवणं. हा मोह सगळ्यांना होतो. विणलेली फुलं काही आजची नाहीत. आयर्लंडमध्ये 1845 नंतरच्या दुष्काळात हजारो बायकांनी क्रोशावर संसार चालवले. त्या गुलाब, पानं सुटी विणायच्या आणि मग जाळीनं एकमेकांना जोडायच्या. फार देखणं काम. पण खरं फूल शेजारी आलं, की विणलेलं लगेच खोटं दिसायला लागतं, आणि त्यामागची मेहनत वाया जाते. विणलेलं फूल तेव्हा ठेवा, जेव्हा खरं मिळत नाही. हॉलंडची चित्रकर्ती राखेल राउश, 1664 ते 1750 हा तिचा काळ. तिच्या आणि त्या परंपरेतल्या चित्रांत वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं एकाच फुलदाणीत बहरलेली दिसतात. प्रत्यक्षात ती एका दिवशी फुलणं शक्य नाही, पण रंगवायला कोण अडवतंय? क्रोशानं आपल्यालाही तीच सोय दिलीय. भर पावसात तेरड्याशेजारी विणलेली शेवंती खुशाल ठेवा. तिथं ती नक्कल वाटत नाही.

फोटो आणि जाळी यांचं नातं मात्र फोटोच्या जन्मापासूनचं आहे. इंग्लंडमधल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉटनं 1830 च्या दशकात कागदाला मिठाचं पाणी आणि सिल्व्हर नायट्रेट लावून त्यावर झाडाची पानं, लेसचे तुकडे ठेवले आणि कागद उन्हात धरला. कॅमेरा नाहीच. ऊन लागलं तिथं कागद काळा पडला, झाकला होता तिथं पांढरा राहिला. लेसचं असं एक चित्र त्यानं काही जणांना चार हात लांबून दाखवलं आणि विचारलं, कसं उतरलंय? ते म्हणाले, आम्ही असे फसणारे नाही, ही तर खरीच लेस आहे! हे त्यानंच 1839 मध्ये लिहून ठेवलंय.

यात आपल्या कामाचं काय? जाळीची नक्षी दोऱ्याइतकीच भोकांनी बनते. पांढरा रुमाल पांढऱ्या चादरीवर पसरला की नुसतं ढगासारखं काहीतरी दिसतं. तोच कडाप्प्याच्या ओट्यावर किंवा शहाबादी फरशीवर ठेवा, एकेक टाका, मग तो खांब असो की साखळी, मोजता येतो. आपल्याकडे खानापूरची मातीची भांडी आहेत. त्या तांबड्या मडक्यावर पांढरी झालर फार खुलते. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागावरची साधी गडद साडी घडी करून खाली घातली तरी छान. गुळेदगुड्डचा खण मात्र जपून वापरा. खणाला स्वतःची इतकी बारीक नक्षी असते, की जाळी त्यात हरवते. खण वापरायचाच तर कडेला दोन बोटं दिसेल एवढाच.

आता फुलं. प्रत्येक फुलाची स्वतःची वेळ असते आणि ती आपल्याला पाळावी लागते. प्राजक्त पहाटे वेचला तर नऊ वाजेपर्यंत मलूल. गुलबक्षी दुपार कलल्याशिवाय उमलत नाही. जास्वंद एका दिवसाची, पण तो दिवस ती पाण्याशिवाय काढते, त्यामुळे सपाट रुमालावर ठेवायला तिच्यासारखं सोयीचं फूल नाही. अबोलीही तशीच चिवट. गुलाब, डेलिया, शेवंती सकाळी लवकर देठ तिरका कापून घ्यायची आणि तासभर पाण्यात खोलवर उभी करायची, मगच मांडायची. पाण्याचे थेंब हवे असतील तर फुलावर आधी वेगळीकडे फवारा. मांडल्यावर फवाराल तर दोरा पाणी पितो आणि रुमालावर काळसर डाग उमटतात. ते फोटोत आधी दिसतात, थेंब नंतर.

ऑफव्हाईट रुमालावर लाल जास्वंद ठेवलीय असं समजा. खिडकी डावीकडे. फुलाच्या मधला लांब दांडा जाळीवर आडवा पडलाय, त्याच्या टोकाचे पिवळे परागकण एकदोन खांबांवर सांडलेत आणि दांड्याची सावली भोकाभोकांतून खाली उतरलीय. उजेड बाजूनं येतो म्हणूनच हे दिसतं. समोरून फ्लॅश मारला, की सावली गेली, टाक्यांचा उठाव गेला, रुमाल कागदासारखा सपाट. उजवी बाजू फारच काळोखी वाटली तर लग्नपत्रिकेची पांढरी पाठ तिकडे उभी धरा, पुरेसा उजेड परत येतो. ट्यूबलाइट मात्र बंद करा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड मिसळला की पांढऱ्या दोऱ्याचा रंग भलताच येतो.

लाल फुलाच्या बाबतीत मोबाईल हमखास फसतो. पाकळीवरच्या शिरा जातात आणि नुसता लाल गोळा उरतो. फुलावर बोट टेकवा, बहुतेक फोनवर सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते थोडं खाली ओढा. रुमाल मुख्य असेल तर याच्या उलट. सगळं पांढरंच असलं की कॅमेरा ते करडं करून टाकतो, तेव्हा चिन्ह थोडं वर. आणि मागचं धूसर करणारा तो पोर्ट्रेटचा प्रकार जाळीसाठी वापरूच नका. फोनला भोक कुठलं आणि कड कुठली हे कळत नाही, तो किनारच खाऊन टाकतो.

आपल्याकडे पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, म्हणून लोक कुरकुरतात. फोटोसाठी तोच उत्तम काळ. ढगांतून गाळून आलेला मऊ उजेड, परड्यात तेरडा आणि कर्दळ. सोप्याच्या दाराशी पाट टाकून बसा, बस्स.

शेवटी रुमालाचं. वर्षानुवर्षं घडी करून ठेवलेल्या रुमालावर घडीची रेघ पडलेली असते आणि फोटोत ती ठळक दिसते. कोमट पाण्यातून काढा, तांदळाच्या पातळ पेजेत किंवा साबुदाण्याच्या खळीत बुडवून, पंचावर पसरून, कडा टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवा. टाचण्या गंजक्या नकोत. झेंडूचा, जास्वंदीचा डाग पडला तर लगेच गार पाण्याखाली धरायचा, गरम पाणी अजिबात नाही. आणि खळ घातलेला रुमाल तसाच ट्रंकेत ठेवू नका, झुरळं लागतात. पुन्हा धुऊन, पूर्ण वाळवून, घडी न करता गुंडाळी करून ठेवायचा.

नमस्कार.