उइरी : होंग म्यंग-बो

२२ जून २००२. ग्वांगजू. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी. दक्षिण कोरिया आणि स्पेन १२० मिनिटं खेळले, गोल एकही नाही. खरं तर स्पेनने चेंडू दोनदा जाळ्यात घातला होता, पण दोन्ही गोल नाकारले गेले. स्पेनमध्ये तो राग अजून धुमसतोय, आणि त्यात त्यांचं फार चुकतं असंही नाही.

शूटआऊट. होआकिनची पेनल्टी गोलरक्षक ली उन-जेने अडवली. पाचवी किक मारायला कोरियाचा कर्णधार निघाला. पाठीवर २० नंबर, चेहरा दगडासारखा. चेंडू जाळ्यात गेला आणि हा कधी न हसणारा माणूस दोन्ही हात पसरून, तोंडभर हसत धावत सुटला. आशियाचा संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचला होता.

होंग म्यंग-बो. जन्म सेऊलचा, १९६९चा. जागा लिबेरोची, म्हणजे बचावफळीच्याही मागे उभं राहून पुढच्यांच्या चुका निस्तरणाऱ्याची. १९९२मध्ये पोहांग या क्लबकडून पहिल्याच हंगामात कोरियन लीगचा सर्वोत्तम खेळाडू. १९९४मध्ये डॅलसच्या उन्हात जर्मनी ३-०ने पुढे असताना कोरियाने दोन गोल परत केले. दुसरा याचा, लांबून. चार विश्वचषक, देशासाठी १३६ सामने.

मग तो प्रशिक्षक झाला. इथून त्याच्यामागे एक शब्द लागला : उइरी. आपल्याकडे इमान म्हणतात ना, तसंच काहीसं. आपल्या माणसाची साथ न सोडणं.

कोरियात तरुणांना लष्करी सेवा सक्तीची. ऑलिंपिक पदक मिळालं तर तिच्यातून जवळपास सुटका. स्ट्रायकर पार्क चू-यंगने मोनाकोतल्या वास्तव्याच्या आधारावर ही सेवा पुढे ढकलली होती आणि देश त्याच्यावर चिडला होता. २०१२मध्ये ऑलिंपिक संघाचा प्रशिक्षक असलेला होंग त्याला घेऊन पत्रकारांसमोर बसला : हा नाही गेला, तर याच्याऐवजी मी लष्करात जातो.

लंडन ऑलिंपिक. कार्डिफमध्ये कांस्यपदकाची लढत, समोर जपान. पहिला गोल पार्कचा. दुसरा कू जा-चोलचा. सामना संपत आला तेव्हा होंगने किम की-हीला मैदानात उतरवलं. या स्पर्धेत तोवर तो एक मिनिटही खेळला नव्हता, आणि न खेळलेल्याला सवलत नव्हती. २-०. सगळे सुटले. उइरीचं कोण कौतुक झालं!

दोनच वर्षांनी, ब्राझील विश्वचषक. पार्कला क्लबमध्ये खेळायला मिळत नव्हतं, तरी होंगने त्याला निवडलं. रशियाशी बरोबरी, अल्जेरियाकडून ४ गोल, बेल्जियमकडून हार. गटात शेवटचे. आता तोच शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. इंचॉन विमानतळावर लोकांनी संघावर ‘यॉत’ फेकले. ही एक चिकट, गोड वडी. पण कोरियनमध्ये कुणाला ‘यॉत खा’ म्हटलं, तर ती शिवी होते. जुलैत होंगने राजीनामा दिला.

पुढे चीनमधला एक क्लब, कोरियन फुटबॉल संघटनेतली खुर्ची. आणि उल्सान. २००५पासून लीगच्या विजेतेपदाला मुकलेल्या या क्लबला त्याने २०२२मध्ये लीग जिंकून दिली, २०२३मध्ये पुन्हा. उल्सानने त्याला डोक्यावर घेतलं.

जुलै २०२४. राष्ट्रीय संघाचं पद पुन्हा चालून आलं. उल्सानच्या चाहत्यांनी काळजी करू नये, असं तो काही दिवसांपूर्वीच म्हणाला होता. तरी गेला. ऐन हंगामात. आता उल्सानचे लोक विचारत होते, कुठे गेली ती उइरी? नेमणुकीच्या पद्धतीवरून त्याला थेट संसदेच्या समितीसमोर बसवून प्रश्न विचारले गेले. सेऊलमधल्या पहिल्याच सामन्यात, पॅलेस्टाईनशी ०-० बरोबरी झाली तेव्हा, स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

निकाल मात्र येत राहिले. जून २०२५मध्ये बसरात इराकला २-०ने हरवून कोरियाने सलग अकराव्या विश्वचषकाचं तिकीट काढलं. ऑक्टोबरमध्ये सेऊलमध्ये पॅराग्वेवरही २-० विजय. ६०,०००हून जास्त खुर्च्यांचं स्टेडियम. त्या दिवशी आलेले प्रेक्षक, जेमतेम २२,०००.