बिडाचा तवा आणि बीएमडब्ल्यूचा ब्रेक

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या आषाढात एक काका आमच्या गॅरेजला आले. बँकेतून निवृत्त झालेले. जन्मभर छोटी गाडी चालवली आणि आता हौसेनं वापरलेली बीएमडब्ल्यू घेतलेली, 320डी. गाडी फाटकातून आत वळायच्या आधीच मला तिचा आवाज आला. खर्रर्र. लोखंडावर लोखंड घासल्याचा तो आवाज एकदा कानात बसला की विसरता येत नाही.

काका उतरले आणि म्हणाले, "ब्रेकचा दिवा महिनाभर लागलाय. पण मी टॉर्च मारून चाकाच्या जाळीतून बघितलं, पॅड चांगला जाड आहे. सेन्सरच गेलाय. या गाड्यांची ती इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे तुम्हाला माहीतच आहे."

पुढचं डावं चाक काढलं. चाकाबरोबर फिरणारी चकती म्हणजे डिस्क. तिला आतून-बाहेरून दोन पॅडनी दाबणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. बाहेरचा पॅड खरंच पाच मिलिमीटर शिल्लक होता. काकांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघितलं. मग मी कॅलिपर उचलून आतला पॅड त्यांच्या हातात ठेवला. त्यावर घर्षणाचा मसाला औषधालासुद्धा उरला नव्हता. नुसती पोलादी पाठ, तीही घासून आरशासारखी चकचकीत. काका बराच वेळ ती पट्टी उलटसुलट करत राहिले.

असं का होतं? या गाडीच्या कॅलिपरला एकाच बाजूनं, आतून, पिस्टन असतो. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोरानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. त्या पिना चिखलानं, गंजानं अडकल्या की कॅलिपर सरकत नाही. मग सगळी मेहनत आतल्या पॅडच्या वाट्याला. आणि जाळीतून दिसतो तो नेमका बाहेरचा. बीएमडब्ल्यूवाल्यांनी पुढचा सेन्सर डाव्या चाकाच्या आतल्याच पॅडवर ठेवलाय. तो सेन्सर म्हणजे काय मोठं यंत्र नाही हो. प्लॅस्टिकच्या टोकात वायरीचा एक वेढा. पॅड झिजला की टोक डिस्कवर घासतं, वायर तुटते, दिवा लागतो. तुटलेली वायर खोटं कशाला बोलेल?

आता डिस्क. रोटर म्हणा, डिस्क म्हणा, वस्तू एकच. काकांचा पहिला प्रश्न, "जर्मन गाडीची डिस्क म्हणजे काही खास धातू असेल ना?" नाही. काही स्पोर्ट्स गाड्यांना कार्बन-सिरॅमिकच्या डिस्क येतात, त्यांची गोष्ट आणि किंमत दोन्ही वेगळी. बाकी डिस्क असते बिडाची. तुमच्या घरात धिरड्यांचा जो काळा, जड तवा आहे ना, त्याच घराण्यातली. म्हणून तर रात्री गाडी धुतली की सकाळी डिस्कवर तांबूस गंज दिसतो आणि माणसं घाबरून फोन करतात. पहिल्या दोन-चार ब्रेकला तो निघून जातो.

बीडच का? कारण ब्रेकचं काम खरं तर उष्णता पचवायचं. माणसं आणि सामान धरून 1800 किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून थांबवली, की दोन लिटर पाण्याला उकळी येईल इतकी उष्णता तयार होते, अवघ्या काही सेकंदांत. काका पुढच्या रविवारी अलिबागला निघाले होते, म्हणजे बोरघाट उतरायचा. लोणावळा ते खोपोली साधारण साडेपाचशे मीटरचा उतार. तो सगळा ब्रेकवर उतरलात, तर तीसेक लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता त्या चार डिस्कांना वाऱ्यात सोडावी लागते. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर त्यातला मोठा वाटा इंजिन उचलतं. ऑटोमॅटिक गाडीतही हातानं गिअर खाली घेता येतो, हे कितीतरी मालकांना ठाऊक नसतं!

डिस्क किती झिजू द्यायची, हे डिस्कवरच कोरलेलं असतं. काकांच्या गाडीची पुढची डिस्क नवी असताना 24 मिलिमीटर जाड, आणि तिच्यावर किमान जाडीचा आकडा 22.4. सगळा हिशोब या दीड मिलिमीटरचा. आणि इथे भलेभले फसतात. डिस्कच्या कडेला पॅड पोचत नाही, तिथे न झिजलेला काठ उभा राहतो. व्हर्नियर लावला तर त्याचे जबडे त्या काठावर टेकतात आणि माप नव्यासारखं येतं. मायक्रोमीटर हवा, आणि तो काठाच्या आत, चार-पाच ठिकाणी लावायला हवा. काकांची डावी डिस्क निघाली 22.1. वर पोलादी पाठीनं पाडलेल्या खाचा, रेकॉर्डच्या तबकडीसारख्या.

"लेथवर मारून नाही का मिळणार?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. पूर्वीच्या जाडजूड डिस्कांना एक हात मारता यायचा. इथे आधीच किमान जाडीच्या खाली गेलेली वस्तू आणखी तासायची म्हणजे तव्याची पापडी करण्यासारखं. डिस्क बदलायची, आणि दोन्ही बाजूंची जोडीनं. नाहीतर एका चाकाचा ब्रेक जास्त धरेल, एकाचा कमी, आणि पावसात गाडी एका अंगाला ओढेल.

जुनी डिस्क काढताना तिला धरणारा एक छोटा स्क्रू असतो. आमच्या पोरांच्या निम्म्या शिव्या त्याच्या नावावर जमा आहेत. तो सुटला की रबरी हातोडीचे चार ठोके. पण डिस्क हातात आली म्हणून लगेच नवी चढवू नका. आधी हबचा चेहरा बघा, म्हणजे जिथे डिस्क टेकते ती जागा. तिथे वर्तमानपत्राच्या कागदाइतका गंजाचा थर जरी एका बाजूला राहिला, तरी डिस्कच्या कडेला तो फरक दुपटीच्या घरात जातो. गाडी आज छान चालते. काही हजार किलोमीटर गेले की ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग गिऱ्हाईक म्हणतं डिस्क वाकडी दिली, दुकानदार म्हणतो तुम्ही तापवली. खरा गुन्हेगार त्या गंजाखाली बसलेला असतो. माझ्या मते या कामात पाना फिरवायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ तारेचा ब्रश फिरवायला लागावा. तो लागला नसेल तर काम झालेलं नाही.

काढलेला कॅलिपर ब्रेकच्या होजवर, म्हणजे ऑइलच्या नळीवर, लोंबकळत ठेवायचा नाही, तारेनं वर बांधायचा. नवे जाड पॅड बसण्यासाठी पिस्टन मागे ढकलला की ब्रेक ऑइल टाकीत वर चढतं. ते सांडलं तर बॉनेटखालचा रंग सोलून काढतं, म्हणून आधीच थोडं ओढून घ्यायचं. तेवढ्यात ऑइलचं वयही विचारून घ्या. ते हवेतला ओलावा पितं. नवं डॉट 4 दर्जाचं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ही मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. घाटात ते उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल गुपचूप खाली जातं. दोन वर्षांनी बदला, गाडी पार्किंगमध्ये उभी असली तरी.

महागड्या गाडीचा खरा महागडेपणा वायरींमध्ये आहे. ज्यांचा हँडब्रेक बटणावर आहे, त्यांच्या मागच्या कॅलिपरवर मोटर असते. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून ती आधी मागे घ्यायची. क्लॅम्प लावून जोरानं पिस्टन दाबलात तर मोटरचे गिअर तुटतात, आणि पॅडचं काम कॅलिपरवर जातं. 2002 च्या सुमाराच्या मर्सिडीज ई-क्लासमध्ये तर ब्रेकचा दाब पंप स्वतःहून तयार करायचा. तो बंद न करता हात घातला आणि पंप जागा झाला, तर बोट गेलंच. कंपनीनं पुढे ती पद्धत सोडून दिली. काकांच्या गाडीला हँडब्रेकची दांडी होती, त्यामुळे हे प्रकरण नव्हतं. नवा सेन्सर बसवला, डॅशबोर्डवरचा हिशोब शून्यावर आणला.

नव्या पॅडला आणि डिस्कला एकमेकांत मुरावं लागतं, तवा मुरवतो तसं. फरक एवढाच की तव्याला तेल लावतो, इथे तेलाचा थेंबही चालत नाही. मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 वरून 20 पर्यंत, मध्यम जोरानं, आठ-दहा वेळा ब्रेक. मध्ये थोडी उसंत. पूर्ण थांबून तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरायचा नाही. काकांनी हे सगळं बँकेच्या पासबुकातल्या नोंदींसारखं वहीत लिहून घेतलं.

पण या आधी एक गोष्ट. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे काम झाल्यावर पहिल्यांदा ब्रेक दाबला की पेडल सरळ खाली जातं. गाडी हलवण्याआधी, इंजिन चालू करून, पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबायचं. हे मी शिकलो ते उमेदवारीच्या दिवसांत. एक गाडी मोठ्या ऐटीत मागे घेतली, ब्रेक दाबला आणि पायाखाली काहीच नाही. जुन्या टायरांचा ढीग मागे होता म्हणून वाचलो. उस्ताद काही बोलले नाहीत. पुढचा आठवडाभर मला ते टायर एकेक करून रचायला लावले.