वागणं, वागणूक, वर्तन

मंडळी, ‘बिहेवियर’ला मराठीत काय म्हणायचं, हा आजचा जाहीर विषय. एका शब्दात उत्तर देता येणार नाही, कारण हे काम आपल्याकडे चार-पाच शब्द वाटून घेतात. त्याआधी एका शब्दाची तक्रार मांडतो, ती फार दिवस साचली आहे. तो शब्द म्हणजे व्यवहार.

हिंदीत व्यवहार म्हणजे वागणं. मराठीत तसं नाही. लासलगावच्या बाजारात ‘त्याचा व्यवहार चोख आहे’ म्हटलं की तो ठरलेल्या दिवशी पैसे देतो, एवढंच कळतं. घरी तो बायकोशी कसा बोलतो, ते त्यात नाही. जमिनीचा व्यवहार, पत्रव्यवहार, रोटीबेटी व्यवहार, सगळीकडे दोन बाजू आणि त्यांच्यातली देवाणघेवाण. आणि आता हिंदीवरून उतरवलेल्या मजकुरात वाचायला मिळतं, ‘मुलाच्या व्यवहारात बदल दिसल्यास डॉक्टरांना भेटा.’ दहा वर्षांच्या पोरानं कुणाशी सौदा केला हो? तिथे ‘मुलाच्या वागण्यात’ एवढं पुरतं. शब्द भाषेत आहे, रोज तोंडात आहे, तरी लिहिताना तो हलका वाटतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरी गफलत प्रत्ययाची. वागणं ‘शी’ घेतं, वागवणं ‘ला’ घेतं. ‘सुनेशी नीट वाग’, ‘सुनेला नीट वागव’. ‘माझ्यासोबत वाईट वागला’ हे हिंदीच्या ‘साथ’वरून आलं, आपलं ‘माझ्याशी’.

वर्तन मात्र ‘वृत्’ या धातूचं. त्याचा अर्थ फिरणं, असणं. वर्तुळ त्यातलंच, वृत्ती त्यातलीच. गंगापूर धरणातून कालव्याला सुटतं ते आवर्तन त्यातलंच, आणि त्र्यंबकेश्वरी ज्यांची समाधी आहे त्या निवृत्तिनाथांचं नावही. निवृत्ती म्हणजे मागे फिरणं. आपण पाण्याच्या पाळीला आणि माणसाच्या वागण्याला एकाच धातूचे शब्द वापरतो, आणि...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मुख्य मुद्दा भरभर सांगतो.

वर्तन तटस्थ असतं, म्हणून बरंवाईट सांगायला त्याला सद् किंवा गैर जोडावं लागतं. १९१३ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसननं मानसशास्त्र बाहेरून दिसतं, मोजता येतं तेवढ्याचाच अभ्यास करेल अशी मांडणी केली. तिथे वर्तनच हवं, वागणूक चालत नाही. वागणुकीत न्यायनिवाडा येतो: ‘ही काय वागणूक झाली?’ शिवाय वागणूक दिली जाते, मिळते. वर्तन कुणी कुणाला देत नाही. नियमाच्या चौकटीत वर्तणूक: शाळेच्या दाखल्यातला रकाना, किंवा महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९. तत्त्व किंवा व्रत पाळायचं तिथे आचरण. तत्त्व आचरणात आणतात, वर्तनात नव्हे.

लिहिताना एवढं सांभाळा: वागणूक, वर्तणूक यांत णू दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व, वागणुकीचा, वर्तणुकीत.

राहिली यंत्रं. वायूचं वर्तन पुस्तकात चालतं. पण संगणकाच्या माहितीपत्रकात ‘या बटणाचे वर्तन’ लिहू नका. ‘हे बटण दाबल्यावर पान बंद होतं’, असं सरळ क्रियापद लिहा.