डिरेक्टरीचा संपादक व्हायचंय? आधी तीन नोंदी लिहून बघा

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात पत्ता सांगताना आधी पेठ येते, मग रस्ता, मग बोळ आणि शेवटी "वाड्याच्या मागचा जिना". वेब डिरेक्टरी, म्हणजे वेबसाइटींची विभागवार सूची, तिची मांडणीही अशीच असते. प्रादेशिक, त्यात आशिया, त्यात भारत, मग महाराष्ट्र, मग पुणे. शोधयंत्र शब्द जुळवून पानं पुढे करतं. डिरेक्टरीतली साइट मात्र कुणीतरी उघडून, वाचून, विचार करून तिच्या जागी ठेवलेली असते. हे काम करणाऱ्याला संपादक म्हणतात आणि स्वयंसेवकांच्या डिरेक्टरीत त्याला पगार नसतो.

या प्रकारातली सर्वांत नावाजलेली डिरेक्टरी १९९८च्या जूनमध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रूएल यांनी सुरू केली. त्याच वर्षी ती नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीनं घेतली. तिचं नाव ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट, पण सगळे तिला डीमॉझ म्हणत. मार्च २०१७मध्ये ती बंद झाली. तिच्याच संपादकांनी पुढे 'कर्ली' या नावानं काम चालू ठेवलं, आणि तिथे अर्ज करता येतो.

अर्जातली पहिली चूक बहुतेक जण विभाग निवडताना करतात. "मला महाराष्ट्र द्या" असं लिहिणं म्हणजे नोकरीच्या पहिल्या दिवशी आयुक्तांची खुर्ची मागणं. फांदीच्या टोकाचा, नोंदी पन्नासच्या आत असलेला विभाग बघा. विषय रोजच्या ओळखीचा हवा: मोडी लिपी, सायकल दुरुस्ती, पक्षिनिरीक्षण, काहीही. आधी त्या विभागाचं स्वतःचं वर्णन वाचा. तिथे काय ठेवतात आणि काय ठेवत नाहीत, ते लिहिलेलं असतं.

अर्जाचा निकाल लागतो तो नमुना नोंदींवर. त्या विभागात नसलेल्या, पण तिथे शोभतील अशा दोन-तीन साइटी शोधून प्रत्येकीचा पत्ता, शीर्षक आणि वर्णन द्यायचं. शीर्षक म्हणजे साइटचं किंवा संस्थेचं नाव, बास. त्याला "पुण्यातील नं. १" असं शेपूट नको, उद्गारचिन्हही नको. वर्णन साधारण पंचवीस ते तीस शब्दांत. साइटवर काय आहे ते सांगायचं, साइट किती छान आहे ते नाही.

एखाद्या ट्रेकिंगच्या गटाची साइट घ्या. त्यांच्या मुखपृष्ठावर असतं: "आम्ही सह्याद्रीचे वेडे! अविस्मरणीय अनुभवासाठी आजच या!" हे जसंच्या तसं उचललं की अर्ज परत आलाच म्हणून समजा. नोंद अशी हवी: "सह्याद्रीतील किल्ल्यांच्या एकदिवसीय मोहिमांचे वेळापत्रक, काठिण्यपातळी, शुल्क, नोंदणी अर्ज व छायाचित्रे." यात "आम्ही" नाही, स्तुतीचं विशेषण नाही, शीर्षकातलं नाव पुन्हा आलेलं नाही आणि "ट्रेक, ट्रेकिंग, ट्रेकर" अशी शब्दांची माळही नाही. पुणेरी पाटी जितकी थोडक्यात असते तितकंच लिहा. फक्त टोमणा वगळा.

अर्जात आणखी एक रकाना असतो: तुमचा संबंध असलेल्या साइटी. स्वतःचं दुकान, मेव्हण्याचा क्लास, ज्यांची वेबसाइट तुम्ही बनवून दिली ते डॉक्टर, सगळं लिहा. संबंध असणं गैर नाही, लपवणं गैर आहे. स्वतःची साइट इतरांच्याच कसोटीवर घेता येते. पण शेजारच्या स्पर्धकाची नोंद पुसणं किंवा नोंदीसाठी पैसे घेणं, यासाठी संपादकपद जातं. आणि ते उघडकीला येतंच, कारण प्रत्येक बदल कुणी केला याची नोंद राहते.

निवड झाली की समोर सुचवलेल्या साइटींची रांग दिसते. ती वरपासून खालपर्यंत संपवायचीच, असं मनावर घेऊ नका. त्या फक्त सूचना असतात आणि त्यात जाहिरातबाजीचा भरणा मोठा असतो. चांगल्या साइटी बऱ्याचदा कुणी सुचवतच नाही; त्या आपण शोधून काढायच्या.

आता मेलेल्या लिंका. पान सापडत नसेल तर तपासणी करणारा प्रोग्रॅम ते पकडतो. पण समजा, एका ग्रंथालयानं डोमेनचं शुल्क भरलं नाही, मुदत संपली, नाव दुसऱ्याच कुणी विकत घेतलं आणि तिथे जुगाराची जाहिरात लावली. प्रोग्रॅमच्या लेखी पान नीट उघडतंय, म्हणजे सगळं आलबेल. हे माणसालाच दिसतं. म्हणून दर काही महिन्यांनी आपल्या विभागातली प्रत्येक लिंक स्वतः उघडा. गायब झालेली साइट लगेच खोडू नका. संस्थेचा नवा पत्ता शोधा, जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हवर तिचं जुनं रूप पाहा. पुष्कळदा साइट फक्त बिऱ्हाड बदलून गेलेली असते.

साइट कुठल्या शाखेत जाणार हे तिची भाषा ठरवते. पुण्याबद्दलची इंग्रजी साइट प्रादेशिक शाखेत पुण्याखाली. मराठी साइट मराठीच्या शाखेत, आणि तिचं वर्णनही मराठीतच. दोन्ही भाषांत खरोखर मजकूर असेल तर दोन्हीकडे नोंद करता येते. नुसता मेनू मराठीत आणि आत सगळं इंग्रजी, असं असेल तर ती मराठी साइट नव्हे.

मराठी शाखेत काम करणाऱ्यांसमोर काही खास अडचणी येतात. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच संकेत देणारी पद्धत. तिच्या आधीच्या फॉन्टांत बनवलेल्या साइटी अजून कुठे कुठे आहेत. अशा फॉन्टांची श्रीलिपी तर पुण्यातच घडली. साइटचा फॉन्ट तुमच्या संगणकावर नसेल तर पानावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. अशी साइट बिघडलेली नसते. खोडण्याआधी शेरा लिहून अनुभवी संपादकाला विचारा.

दुसरी भानगड "शेतकऱ्यांसाठी" या शब्दातल्या ऱ्याची. हे अक्षर टंकायच्या एकाहून अधिक पद्धती आहेत. पडद्यावर ती सारखीच दिसतात, पण आत संगणकाचे संकेत वेगळे असतात. मग शोध घेतला की निम्म्या नोंदी हाती लागत नाहीत आणि एकच साइट दोनदा शिरते. म्हणून नवी नोंद करण्याआधी नावावर भिस्त न ठेवता साइटच्या पत्त्यानं शोधा.

तिसरी गोष्ट अकारविल्हेची. आपल्या कोशांत ळ हा ह नंतर येतो आणि क्ष, ज्ञ सगळ्यांच्या शेवटी. युनिकोडच्या तक्त्यात ळ लगेच ल नंतर आहे. क्ष आणि ज्ञ तर जोडाक्षरं, त्यामुळे ती क आणि ज मध्ये जाऊन बसतात. "ज्ञानेश्वरी" यादीच्या तळाशी सापडली नाही तर ज मध्ये बघा. ती हरवलेली नसते.

अर्ज नाकारला गेला तर बहुधा कारण कळवतात: शुद्धलेखन, स्तुती, फार मोठा विभाग किंवा आधीच असलेल्या साइटी. दुरुस्त करून पुन्हा पाठवा, त्याला आडकाठी नाही. आणि निवड झाल्यावर महिनोन्‌महिने फिरकला नाहीत तर खातं झोपी जातं. डीमॉझमध्ये ही मुदत चार महिन्यांची होती. एक नोंद सुधारली तरी खातं जागं राहतं, आणि त्याला दहा मिनिटं पुरतात.

नमस्कार.